उंबरठ्याच्या आतली नोकरी





गेल्या तीन महिन्यांत आमच्या बैठकांमध्ये एका विषयावर इतका वाद झाला की, या अंकाचे संपादकीय त्यावरच लिहायचे ठरले. विषय आहे घरून करायच्या नोकरीचा. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या घराघरांत रुळला. आता तेच काम पुन्हा ऑफिसात येऊन करा, असे हुकूम निघत आहेत आणि त्याची झळ लागलेल्या बायका सल्ला केंद्रात येऊ लागल्या आहेत. मारहाण, पोटगी, हुंडा, दुसरे लग्न या आपल्या नेहमीच्या तक्रारींमध्ये ही तक्रार नवी आहे. ‘कंपनी बोलावते आहे, घरचे म्हणतात सोड, मी काय करू?’

अशीच एक बाई आमच्याकडे आली. सासर नाशिकचे, नोकरी पुण्याच्या कंपनीतली. पाच वर्षे घरून काम केले, बढतीही मिळवली. आता आठवड्यातले तीन दिवस पुण्यात हजर राहायचे. मूल चार वर्षांचे, नवरा अंबडच्या कारखान्यात. नवरा म्हणतो, ‘तुझे तू ठरव.’ सासू म्हणते, ‘एवढी ओढाताण कशाला?’ तिला आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती : घरून काम चालू राहावे म्हणून कंपनीला पत्र लिहायला मदत.

पत्र लिहून द्यायचे की नाही, यावरच आमच्यात दोन तट पडले. चाळीस वर्षे चळवळीत असलेल्या एक ताई म्हणाल्या, ‘बाईला उंबरठ्याबाहेर काढण्यात आपल्या तीन पिढ्या गेल्या. आता तिला आत ठेवा म्हणून आपणच अर्ज करायचे?’ त्यावर एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, ‘ताई, नोकरी सुटली तरी ती उंबरठ्याच्या आतच राहणार आहे. फक्त पगाराशिवाय.’ दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच वाद लवकर मिटला नाही. पत्र आम्ही लिहून दिले. पण ‘घर की ऑफिस?’ हा प्रश्न ज्या पद्धतीने आपल्यापुढे येतो आहे, त्या पद्धतीतच काहीतरी खोट आहे असे मला वाटते. ती काय, हे तुमच्यापुढे मांडायचे आहे.

आधी घडले काय ते थोडक्यात पाहू. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि ज्यांचे काम संगणकावर चालते त्यांचे ऑफिस रातोरात घरात आले. मोठ्या कंपन्यांना त्यात फायदा दिसला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तर एप्रिल २०२० मध्येच जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी आपले जेमतेम पंचवीस टक्के कर्मचारी ऑफिसात असतील. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२३ पासून याच कंपनीने बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावले. त्याच वर्षीच्या वार्षिक अहवालात एक गोष्ट नोंदलेली आहे. एरवी या कंपनीत नोकरी सोडण्याचे प्रमाण बायकांमध्ये पुरुषांइतके किंवा त्यांच्यापेक्षा कमी असते. २०२२-२३ मध्ये ते उलटे झाले. घरून काम करताना काही जणींच्या घरची घडी नव्याने बसली आणि ती पुन्हा मोडता आली नाही, असा अंदाज कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनीच बांधला होता. हुकूम सगळ्यांना एकच होता, तरी तो स्त्री-पुरुषांवर सारखा पडला नाही.

सारखा पडणार तरी कसा? सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ही मोजणी. घरकाम करणाऱ्या बायका त्यात २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, २०२४ मध्ये २८९. घरकामात काही तरी भाग घेणारे पुरुष २०१९ मध्ये ९७ मिनिटे देत होते, २०२४ मध्ये ८८. या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात टाळेबंदी येऊन गेली. लाखो पुरुष महिनोन्महिने घरात बसून होते. भांडी त्यांच्या डोळ्यांसमोर पडत होती, मूल त्यांच्याच मांडीशी रडत होते. तरी आकडा वाढला नाही, उलट नऊ मिनिटांनी घटला! घरात राहिल्याने पुरुष आपोआप घरकामाला लागेल ही आशा फोल आहे, हे यावरून पक्के समजावे.

आणि बाई घरात राहिली की काय होते? आमच्याकडे येणाऱ्या बायका जे सांगतात त्यात फारसा फरक नसतो. दोन खोल्यांच्या घरातले एकुलते टेबल नवऱ्याला मिळते. ती पलंगावर, नाहीतर स्वयंपाकघराच्या ओट्याशी, डाळीच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून बसते. नवरा फोनवर बोलत असला की घरातली मुले गप्प केली जातात. ती बोलत असली की कुकर, दारावरची बेल, गॅसवाला, सासऱ्यांचे औषध, सगळे तिच्याच नावाने हाक मारते. घरात दिसते आहे म्हणजे रिकामी आहे, हा समज काही केल्या जात नाही. मग राहिलेले काम रात्री दहानंतर. कंपनीला वाटते, ही रात्रीसुद्धा हजर असते, म्हणजे हिला वेळच वेळ आहे. दोन्हीकडचे मालक तिला चोवीस तासांची समजतात.

लग्नाच्या बाजारात तर याचा नवाच अर्थ निघाला. वधुवर मेळाव्यांत आणि मुलींच्या परिचयपत्रांत आता ‘घरून नोकरी’ हा गुण म्हणून लिहिला जातो. मुलाकडचे विचारतात, ‘घरूनच आहे ना काम?’ पगार येतो आणि सूनही डोळ्यांसमोर राहते. चूल सुटत नाही, गाडीभाडे नाही, चारचौघांत मिसळणे नाही. नोकरीमुळे बाईला मोकळीक मिळते, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. त्यातली नोकरी ठेवून मोकळीक तेवढी काढून घेण्याची सोय समाजाने किती चटकन शोधून काढली पाहा.

ज्यांच्या घरात हिंसा आहे त्यांच्याबद्दल तर वेगळे सांगायला नको. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी एकदम वाढल्या, हे त्या वेळी आयोगानेच सांगितले होते. अशा बाईला ऑफिस म्हणजे आठ तासांचा आसरा असतो. तिथे शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हातावरचा वळ पाहून विचारते, ‘हे कशाने झाले गं?’ लॅपटॉपच्या पडद्यावर फक्त चेहरा दिसतो. पडदा बंद केला की तोही दिसत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग ताईंचेच खरे. बायकांनी ऑफिस गाठावे हेच बरे.

पण ऑफिस गाठायचे म्हणजे काय, हे नाशिककर बाईला विचारा. मुंबईत नोकरी असेल तर पंचवटी एक्सप्रेस. १९७५ पासून ही गाडी आपल्या चाकरमान्यांना मुंबईला नेते-आणते. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराला निघायचे आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला परत उतरायचे. पुरुष पासधारक गाडीत डबा उघडतो. बाईने तो डबा पहाटे चारला उठून भरलेला असतो, स्वतःचा, नवऱ्याचा आणि मुलांचा. पुण्याला तर रोज जाणे-येणे अशक्यच. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर. म्हणजे तिथे खोली घेऊन राहायचे. नवरा परगावी खोली करून राहिला तर लोक म्हणतात, बदली झाली. बायको राहिली तर म्हणतात, घर मोडले. आणि मूल कुठे ठेवायचे? वस्तीत भरवशाचे पाळणाघर नाही, ऑफिसात नाही, परक्या शहरात तर नाहीच. हे काहीही न बदलता ‘उद्यापासून हजर व्हा’ म्हणणे म्हणजे बाईला नोकरीवरून काढणेच आहे. काढल्याचा ठपका मात्र कंपनीवर येत नाही. राजीनामा तिच्या सहीचा असतो.

म्हणून म्हणते, घर की ऑफिस हा प्रश्नच अपुरा आहे. घरून काम द्यायचे ठरले तेव्हा बाईला कोणी विचारले नाही आणि परत बोलावतानाही नाही. पहिल्याला सवलत म्हटले, दुसऱ्याला शिस्त. सवलत देणारा ती कधीही काढून घेतो. आणि सवलत घेणाऱ्या बाईच्या नावापुढे कायमची खूण होते : हिला घर आहे, हिला मोठे काम देऊ नका. बाई कुठे बसून काम करते यापेक्षा ती जागा कोण ठरवते आणि त्या जागेवर तिला कामगाराचे हक्क आहेत की नाहीत, हे आपण विचारले पाहिजे.

हे समजून घ्यायला अमेरिका-युरोपात जायची गरज नाही. नाशिकपासून तीस किलोमीटरवर सिन्नरला जावे. तिथल्या बायका लॅपटॉप यायच्या कितीतरी आधीपासून घरून काम करत आल्या आहेत. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेत असताना क्षेत्रकार्यासाठी मी तिथल्या विडी कामगारांच्या वस्तीत जात असे. रात्री तेंदूची पाने भिजत घालायची. सकाळी ती मापाने कात्रीवर कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि विड्या वळायला बसायचे. तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा, जुड्या करायच्या. मजुरी हजार विड्यांवर. मध्ये स्वयंपाक, पाणी, पोरांचे आवरणे. मोजदाद कमी पडायला लागली की शाळेतून आलेली पोरगी सुपाशी बसते. तिच्या श्रमाचे नाव कुठल्याच वहीत नसते. संध्याकाळी विड्या कारखान्यात द्यायला गेले की तपासणारा मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो. त्याचे पैसे नाहीत. पाने वजनात कमी भरली तर तीही बाईने पदरची घालायची.

या कामाची रीत नीट पाहिली तर तीन गोष्टी दिसतात. जागा, दिवा, सूप, कात्री हा खर्च मालकाच्या अंगावरून बाईच्या अंगावर आला. कामाचे तास नाहीसे झाले आणि नग राहिले. आणि शेकडो बायका एकाच मालकाचे काम करत असूनही प्रत्येकीला वाटत राहिले की, आपण आपल्या घरी आपले काही तरी करतो आहोत. आता सुपाच्या जागी लॅपटॉप ठेवून पाहा. वीज कोणाची? इंटरनेटचे बिल कोणाचे? खुर्ची कोणाची? तास संपल्यावर काम थांबते का, की नेमून दिलेला आकडा गाठल्यावर? शेजारच्या गल्लीत आपल्याच कंपनीची दुसरी बाई राहते, हे किती जणींना ठाऊक असते? शिक्षण, जात, पगार यांत या दोन बायकांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे, ते मी विसरत नाही. कामाची रीत मात्र एकच आहे.

शिकलेल्या बहिणींनी सिन्नर, संगमनेर, सोलापूरच्या बहिणींकडून शिकावे असे पुष्कळ आहे. विडी कारखानदार वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले होते : घरी बसून विड्या वळणारी बाई आमची नोकर नव्हेच, ती कधी वळते, किती वळते, आम्हाला काय ठाऊक? या दाव्याविरुद्ध विडी कामगार लढले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून मान्यता दिली. पुढे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, घरी बसून विड्या वळणारेही कर्मचारीच आहेत आणि त्यांना निधी लागू आहे. कशावरून? तर मालक विड्या तपासतो आणि नापसंत विड्या नाकारतो, यातच त्याची देखरेख आणि ताबा आला. ज्या ‘छाटी’ने बाईला आयुष्यभर लुबाडले, तीच छाट न्यायालयात तिच्या बाजूने साक्षीला उभी राहिली! आज जी कंपनी बाईच्या संगणकावर ती किती वाजता बसली आणि किती वाजता उठली याची नोंद ठेवते, तिला ‘घरातले आम्हाला काय ठाऊक’ असे म्हणता येणार नाही, हे या निकालावरून आपण ठासून सांगू शकतो.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी तर संघटनेच्या बळावर हक्काची घरे मिळवली. कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये ती कामगारांच्या ताब्यात आली. घरात एकेकटे बसून काम करणाऱ्या बायका एवढ्या संख्येने एकत्र आल्या कशा? सिन्नरला मला जे दिसले त्यावरून सांगते. पाने-तंबाखू घ्यायला आणि विड्या द्यायला प्रत्येकीला कारखान्यावर जावे लागते. तिथे रांग लागते. त्या रांगेत कोणाची किती छाट काढली, कोणाची पाने कमी भरली, हे एकमेकींना कळते. युनियनची खरी बैठक रांगेतच सुरू होते. निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्या बायका १९८० च्या सुमाराला संघटित झाल्या, तेव्हा त्या एका छपराखाली तरी होत्या. ‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट काढला, तो आपल्यापैकी अनेकींनी शिबिरांत पाहिला असेल. घरी काम करणारीला छप्पर नसते, पण निदान रांग असते. लॅपटॉपवाल्या बाईला ती रांगही नाही.

दुसरे उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेला हा उद्योग. पापड लाटण्याचे काम आजही बायका घरीच करतात. पण रोज सकाळी केंद्रावर जायचे, लाटलेले पापड द्यायचे, पैसे घ्यायचे, नवे पीठ घ्यायचे, ही पद्धत आहे. आणि लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीणही आहे. काम उंबरठ्याच्या आतच होते. पण कामाचे पैसे, हिशोब आणि निर्णय उंबरठ्याबाहेर, चारचौघींत होतात. म्हणून कोणतीही व्यवस्था पारखताना आपण एक प्रश्न जरूर विचारावा : या कामात बाईची दुसऱ्या बाईशी गाठ कुठे पडते?

आता कायद्याकडे वळू, कारण आपल्या कार्यकर्त्यांना रोज त्याचीच गरज लागते. बाळंतपणाच्या रजेनंतर, काम तशा स्वरूपाचे असेल तर, मालक आणि बाई यांनी मिळून ठरवलेल्या अटींवर घरून काम करता येईल, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा, हेही त्याच दुरुस्तीतले. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. १९६६ चा विडी कायदाही त्यांच्यातच विरून गेला. सेवाक्षेत्रात परस्पर संमतीने घरून काम करता येईल, असे सरकार या संहितांचा गुण म्हणून सांगते. ‘परस्पर संमती’ हा शब्द ऐकायला छान आहे. पण हजारो कर्मचाऱ्यांची कंपनी एका बाजूला आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेली एकटी बाई दुसऱ्या बाजूला, यांच्यात परस्पर ते काय? संमतीला अर्थ येतो तो बायकांनी मिळून बोलणी केली तर.

पाळणाघराच्या तरतुदीची हकीकत इथे आठवण्यासारखी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात, तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर, असे होते. ती संख्या भरूच न देण्याची युक्ती किती मालकांनी केली, हे कामगार वस्त्यांत काम करणाऱ्या आपल्याला सांगायला नको. २०१७ मध्ये मोजणी बायकांची न राहता सगळ्या कर्मचाऱ्यांची झाली. मूल हे एकट्या बाईचे नाही, हे निदान त्या आकड्यापुरते मान्य झाले. घरून कामाबद्दलही आपली मागणी अशीच हवी. ‘बायकांना घरून काम द्या’ अशी मागणी केली तर बाईला कामावर घेणेच टाळतील, घेतले तर बाजूला बसवतील, आणि पोळ्या लाटणे तिच्याकडेच कायम राहील. मागणी करायची ती कामगार म्हणून, स्त्री-पुरुष दोघांसाठी. पुरुषही घरी राहून काम करू शकला पाहिजे. आणि घरी राहिला तर ८८ मिनिटांचे काय, हे त्याला विचारायचे काम आपले.

आमच्या बैठकीत बऱ्याच चर्चेनंतर ज्या मागण्यांवर एकमत झाले त्या अशा. कामाची जागा बदलायची तर पुरेशा मुदतीची लेखी सूचना आणि कर्मचाऱ्यांशी चर्चा झालीच पाहिजे, मग ती जागा घर असो वा ऑफिस. घरी काम करणाऱ्याला वीज, इंटरनेट, खुर्ची-टेबल यांचा खर्च मालकाने द्यावा. कामाचे तास लेखी असावेत आणि ते संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क असावा. सुप्रिया सुळे यांनी यासाठी लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये खासगी विधेयक मांडले, पण अजून तसा कायदा झालेला नाही. घरून काम करणाऱ्याची बढती आणि पगारवाढ ऑफिसातल्यांच्या बरोबरीने व्हावी. ऑफिसात बोलवायचे तर पाळणाघर आणि सुरक्षित वाहन आधी, हुकूम नंतर. आणि महिन्यातून काही वेळ तरी सगळ्या जणींना एकत्र जमता येईल अशी जागा, पगारी वेळेत, मिळावी.

लैंगिक छळाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. वरिष्ठाने रात्री अकराला व्हिडिओ कॉल लावला आणि नको ते बोलला, तर ‘तू तर घरी होतीस’ हे उत्तर चालणार नाही. २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेची व्याख्या मुद्दामच व्यापक केलेली आहे, राहत्या घराचाही तिच्यात उल्लेख आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. जिथे ती नाही तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी या समितीचा पत्ता पाठ करून ठेवावा.

हा सगळा वाद ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही त्या बहिणींनाही विसरून चालणार नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यातली बाई, नोटप्रेसमधली बाई, परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती यांना २०२० मध्येही घरून काम नव्हते. आशा तर दारोदार फिरत होत्या. आणि मोलकरणींना त्या वेळी फाटकाबाहेर ठेवले गेले, कित्येकींचा पगार बुडाला. आज एखाद्या घरात एक बाई लॅपटॉपवर काम करते आणि दुसरी तिथेच भांडी घासते. ते घर दोघींचीही कामाची जागा आहे. पहिलीने कंपनीकडे ठरलेले तास आणि पगारी रजा मागायची आणि दुसरीला त्या द्यायच्या नाहीत, असे चालेल का? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण कायदा आपल्याच स्वयंपाकघरात शिरला की आपल्यातल्याही अनेकींची जीभ जड होते. घर ही कामाची जागा आहे असे म्हणायचे तर ते सगळ्यांसाठी म्हणावे लागेल.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागे अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेची आणि इलाबेन भट यांची मोठी धडपड होती. घरी काम करणाऱ्यालाही संघटना करण्याचा, समान मजुरीचा, सामाजिक सुरक्षेचा आणि मातृत्व संरक्षणाचा हक्क आहे, हे त्यात सांगितले आहे. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहर उठवलेली नाही. विडीवाल्या, पापडवाल्या, येवल्यात पैठणीच्या मागासाठी कांड्या भरणाऱ्या आणि आता लॅपटॉपवाल्या, या सगळ्यांनी मिळून ही मागणी लावून धरली तर तिला वजन येईल. आजवर शिकलेल्या नोकरदार बाईला वाटत होते की हा प्रश्न गरीब बायकांचा आहे. आता तोच प्रश्न तिच्या ओट्यावर येऊन बसला आहे. एकत्र येण्याची एवढी चांगली संधी पुन्हा केव्हा येणार?

म्हणून आपापल्या गावात, वस्तीत, कॉलनीत दोन गोष्टी जरूर कराव्यात. घरी बसून काम करणाऱ्या बायकांची, मग काम कोणतेही असो, एक साधी यादी करावी आणि महिन्यातून एकदा त्यांना एका सतरंजीवर बसवावे. सिन्नरची बाई आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमधली बाई समोरासमोर बसल्या की काय बोलतात, ते लिहून आमच्याकडे पाठवावे. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे. वर लिहिलेल्या मागण्यांत काही चुकले, राहिले असे वाटले तर तेही कळवा. पटले नाही तर भांडा, पण गप्प राहू नका. पत्रांची वाट पाहते.